कॉलमची नावं: आधी वही, मग कोड

दोन फाइली एकाखाली एक जोडल्या आणि 23 कॉलमच्या जागी 24 झाले. फाइली एकाच नमुन्याच्या, पण दोन वेगळ्या माणसांनी भरलेल्या. आर या आकडेवारीसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत, डीप्लायर या तिच्या पॅकेजमधल्या (तयार फंक्शनांच्या संचातल्या) ‘बाइंड_रोज’ने त्या जोडताना एरर आली नाही की वॉर्निंग आली नाही, म्हणून मी तशीच पुढे गेले. सरासऱ्या काढून झाल्यावर एका आकड्यापाशी थांबले. ‘कर्मचाऱ्यांची संख्या’ या कॉलमची सरासरी निम्म्याच ओळींवरून निघाली होती. उरलेल्या ओळी रिकाम्या होत्या, आणि रिकाम्या जागा वगळायला मीच सांगितलं असल्यामुळे आरने त्या गुपचूप वगळल्या होत्या. नावांची यादी छापली तेव्हा ‘कर्मचाऱ्यांची संख्या’ त्यात दोनदा दिसलं. काना, मात्रा, अनुस्वार सगळं सारखं. तरी कॉलम दोन.

उलगडा व्हायला अख्खी दुपार गेली. आरमध्ये ‘यूटीएफ8टूइन्ट’ नावाचं फंक्शन आहे. त्याला मजकूर दिला की ते प्रत्येक अक्षरचिन्हाचा युनिकोड क्रमांक सांगतं. एका नावातल्या ‘ऱ्यां’ची सुरुवात 2353, 2381 अशी होती, म्हणजे स्वतंत्र ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या नावात तिथे 2352, 2381, 8205 होते: साधा ‘र’, हलन्त आणि मग पडद्यावर न दिसणारं जोडचिन्ह. दोन माणसांचे दोन कीबोर्ड, आणि अर्धा र लिहायच्या दोन रीती. कागदावर फरक शून्य, पण आर नावं क्रमांकांनीच ताडून बघतं, त्यामुळे त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं होती. डीप्लायरऐवजी आरचं मूळ ‘आरबाइंड’ वापरलं असतं, तर नावं जुळत नाहीत म्हणून ते तिथेच अडलं असतं.

मी सर्वेक्षणांचा डेटा हाताळते. माझा वेळ मॉडेलपेक्षा कॉलमच्या नावांवर जास्त जातो आणि तो वाया जातो असं मला वाटत नाही. त्या दुपारनंतर माझी जी पद्धत बसत गेली ती इथे लिहिते आहे. फाइलीतलं शीर्षक माणसासाठी असतं, कोडमधलं नाव यंत्रासाठी. ही दोन वेगळी ठेवायची आणि त्यांची जोडी एका वहीत लिहायची, हा तिचा गाभा. फंक्शनांची नावं इथे आपण बोलतो तशी देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, आरच्या स्पेलिंगप्रमाणेच लिहायची.

आधी नावं नीट बघा

फाइल वाचल्यावर पहिली आज्ञा ‘नेम्स(तक्ता)’. तक्ता नुसता उघडून बघू नका, कारण तिथे नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा दिसत नाही. ‘नेम्स’ प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत छापतं, त्यामुळे "वय" आणि "वय " यांतला फरक लगेच कळतो. डेटाफ्रेमवर, म्हणजे आरच्या नेहमीच्या तक्त्यावर, ‘नेम्स’ आणि ‘कोलनेम्स’ एकच उत्तर देतात. मॅट्रिक्सवर मात्र ‘कोलनेम्स’च वापरावं लागतं, कारण तिथे ‘नेम्स’ कॉलमकडे बघतच नाही.

अवतरणचिन्हांतूनही निसटणाऱ्या तीन गोष्टी मला पुन्हा पुन्हा भेटतात. पहिली, क्रमांक 160 ची न तुटणारी मोकळी जागा. वेबपानावरून किंवा वर्डमधून शीर्षक चिकटवलं की ती सोबत येते. दिसायला साध्या स्पेससारखी, पण ‘ट्रिमडब्ल्यूएस’ तिला मूळ सेटिंगमध्ये हात लावत नाही, ते फक्त साधी स्पेस, टॅब आणि ओळ बदलणारी चिन्हं काढतं. दुसरी, 8205 म्हणजे वर सांगितलेलं जोडचिन्ह. तिसरी, 65279, ही फाइलीच्या अगदी सुरुवातीची अदृश्य खूण. एक्सेलमधून यूटीएफ-8 सीएसव्ही म्हणून साठवलेल्या फाइलीत ती असते आणि पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते. पहिला कॉलम डोळ्यांसमोर असताना ‘असा कॉलम नाही’ असं उत्तर आलं, तर आधी हिच्यावर संशय घ्या. ‘रीड.सीएसव्ही’ला ‘फाइलएन्कोडिंग’मध्ये ‘यूटीएफ-8-बॉम’ असं सांगितलं की ती खूण वाचतानाच गळून पडते.

जोडचिन्हाबाबत एक कळकळीची सूचना. ते दिसत नाही म्हणून सरसकट पुसू नका. ते पुसलं तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो: डोंगरामधल्या जागेचा समुद्र, आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेला पगार ‘आचार्यांना’ जातो. आधी र, हलन्त, जोडचिन्ह या त्रिकुटाच्या जागी ऱ आणि हलन्त घाला, उरलेल्या जोडचिन्हांचं काय करायचं ते मग बघा. ऱ लिहिण्याची तिसरीही एक रीत आहे, र आणि खाली नुक्ता, म्हणजे 2352 आणि 2364. ती मात्र ‘स्ट्रिंगआय’ पॅकेजमधलं ‘स्ट्राय_ट्रान्स_एनएफसी’ आपोआप 2353 मध्ये बदलतं. मी हे सगळं ‘नाव_धुवा’ नावाच्या एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवलं आहे. त्यात चार ओळी आहेत: एनएफसी (म्हणजे वरची आपोआप बदली), मग त्रिकुटाची बदली, मग 160 च्या जागी साधी स्पेस, आणि शेवटी दोन्ही टोकांची आणि मधली जादा मोकळी जागा काढणं. कुठलीही फाइल आली की तिची नावं आधी यातून काढते. बाकी सगळं त्यानंतर.

वाचतानाच नावं बदलतात

‘रीड.सीएसव्ही’ नावं जशीच्या तशी ठेवत नाही. त्याचं ‘चेक.नेम्स’ मुळातच चालू असतं आणि आरच्या व्याकरणात न बसणारं प्रत्येक चिन्ह ते टिंबात बदलतं. रोमन शीर्षकं ‘टोटल कॉस्ट (%)’ आणि ‘टोटल कॉस्ट (#)’ अशी असतील, तर दोन्हींचं ‘टोटल.कॉस्ट....’ होतं. आता नावं एकसारखी झाली म्हणून दुसऱ्याच्या मागे ‘.1’ लागतं. टक्के कुठले आणि नग कुठले हे सांगणारी एकमेव खूण अशी निघून जाते, आणि ते कळवलंही जात नाही. आकड्याने सुरू होणाऱ्या नावापुढे ‘एक्स’ लागतो, म्हणून 2019 चं ‘एक्स2019’ होतं. मी ‘चेक.नेम्स’ नेहमी बंद ठेवते. नावं बदलायची आहेतच, पण काय बदललं ते मला माहीत हवं.

हे टिंब आलं कुठून, असा प्रश्न नवख्यांना पडतो. आरमध्ये नावात अंडरस्कोर चालायला लागला तो 1.9.0 या आवृत्तीपासून, म्हणजे 2004 साली. त्याआधी ते चिन्ह किंमत भरण्यासाठी वापरलं जायचं, म्हणून जुन्या कोडमध्ये शब्द टिंबाने जोडलेले दिसतात. आज नवीन नावांत टिंब वापरू नका. डेटाबेसच्या भाषेत टिंबाचा अर्थ तक्ता आणि कॉलम यांमधला दुवा असा होतो, आणि तिथे डेटा नेला की भांडणं सुरू होतात.

‘रीडआर’ पॅकेजचं ‘रीड_सीएसव्ही’ शीर्षकांतल्या स्पेस आणि कंस तसेच ठेवतं, हे चांगलं. पण एकच नाव दोनदा आलं तर ते मागे तीन टिंबं आणि जागेचा क्रमांक लावतं: ‘रक्कम...3’, ‘रक्कम...7’. पुढच्या महिन्यात कोणी डावीकडे एक कॉलम घातला की तीच नावं ‘रक्कम...4’ आणि ‘रक्कम...8’ होतात आणि तुमचा कोड मोडतो. अशी नावं दिसली की त्यांच्यावर कोड बांधण्याआधी फाइल देणाऱ्याला विचारा, की पहिली रक्कम कशाची आणि दुसरी कशाची. हे उत्तर कुठलंच पॅकेज देऊ शकत नाही.

‘जॅनिटर’ पॅकेजचं ‘क्लीन_नेम्स’ अनेकांना आवडतं, मलाही. रोमन शीर्षकं असतील तर एका ओळीत सगळी लहान अक्षरांत आणि अंडरस्कोरने जोडलेली होतात, आणि % चं ‘पर्सेंट’, # चं ‘नंबर’ होतं, म्हणजे वर हरवलेली खूण इथे टिकते. एकदाच बघायच्या फाइलीला एवढं पुरे. महिन्यामागून महिना येणाऱ्या फाइलींना नाही, कारण शीर्षकात कोणी एक शब्द बदलला की स्वच्छ केलेलं नावही बदलतं.

वही

म्हणून मी वही ठेवते. ‘कोश’ नावाची ही एक साधी सीएसव्ही फाइल, कोडच्याच फोल्डरमध्ये. तिचे चार रकाने: मूळ, नवं, छापील, टीप. ‘मूळ’मध्ये फाइलीत आलेलं शीर्षक, धुतलेलं. ‘नवं’मध्ये कोडमधलं नाव. ‘छापील’मध्ये अहवालात जाईल ते शीर्षक. ‘टीप’मध्ये एकक, प्रश्नपत्रिकेतला प्रश्न क्रमांक, आणि कोणाशी बोलून काय ठरलं ते.

वापर असा (‘$’ने तक्त्यातला कॉलम उचलला जातो, बाणाने उजवीकडची किंमत डावीकडे भरली जाते):

मूळ_नावं <- नाव_धुवा(नेम्स(तक्ता))
जागा <- मॅच(मूळ_नावं, कोश$मूळ)
नेम्स(तक्ता) <- कोश$नवं[जागा]

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये तपासणी हवीच. तीन प्रश्न विचारायचे. फाइलीत असं काही आहे का जे वहीत नाही: ‘सेटडिफ(मूळ_नावं, कोश$मूळ)’. वहीत असं काही आहे का जे फाइलीत आलं नाही: तेच, उलट्या क्रमाने. आणि कुठलं नाव दोनदा आलंय का: ‘एनीडुप्लिकेटेड’, फाइलीतल्या नावांवरही आणि वहीतल्या नव्या नावांवरही. पहिल्या किंवा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो आलं तर कोड ‘स्टॉप’ने थांबवायचा आणि ती नावं छापायची. दुसऱ्यावर कधीकधी वॉर्निंग पुरते, कारण एखादा प्रश्न सर्वेक्षणातून खरंच काढलेला असू शकतो. ही तपासणी नसेल तर न सापडलेल्या कॉलमचं नाव ‘एनए’, म्हणजे रिकामं, होतं आणि कोड काही न बोलता पुढे जातो.

डीप्लायर वापरणाऱ्यांना हेच ‘रिनेम’ने करता येतं. तिथे नवं नाव डावीकडे आणि जुनं उजवीकडे, हे पहिल्या दिवशी प्रत्येकाचं उलटं होतं. वहीवरून नावांचा व्हेक्टर (यादी) बनवा, ज्याच्या किमती मूळ आणि ज्याची नावं नवी, आणि तो ‘ऑल_ऑफ’मध्ये गुंडाळून ‘रिनेम’ला द्या. एखादं मूळ नाव सापडलं नाही तर ‘ऑल_ऑफ’ अडतं, ‘एनी_ऑफ’ सोडून देतं. मी ‘ऑल_ऑफ’च घेते. ‘डेटा.टेबल’ पॅकेजमध्ये हे काम ‘सेटनेम्स’ करतं, तेही तक्त्याची प्रत न काढता, त्यामुळे प्रचंड मोठ्या तक्त्यांना ते सोयीचं. पण तिथे एक खाच आहे. आधी ‘जुनी <- नेम्स(तक्ता)’ करून ठेवलं आणि मग ‘सेटनेम्स’ चालवलं, तर ‘जुनी’मधली नावंही बदललेली दिसतात. जुनी यादी हवी असेल तर ‘कॉपी(नेम्स(तक्ता))’ करून ठेवा.

एकदोन नावांसाठी वही काढायची नसेल तर:

नेम्स(तक्ता)[नेम्स(तक्ता) == "जुनं"] <- "नवं"

‘तिसऱ्या कॉलमचं नाव हे’ असं क्रमांकाने कधीही लिहू नका. कॉलमचा क्रम बदलला की वयाच्या आकड्यांवर उत्पन्नाचं नाव बसेल आणि कुठलीच एरर येणार नाही. वरच्या ओळीतही एक उणीव आहे: जुनं नाव सापडलं नाही तर ती काहीच करत नाही, आणि तसं सांगतही नाही.

नवं नाव कसं असावं

रोमन लहान अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर, एवढंच. देवनागरी नावं आरमध्ये चालवता येतात, उलट्या अवतरणचिन्हांत ठेवली की स्पेस असलेली नावंही चालतात, पण डेटा फक्त आरमध्ये राहत नाही. स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये नावाची मर्यादा 32 अक्षरांची. एसपीएसएस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 64 बाइटची, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून 21 चिन्हांत खेळ संपला. नकाशांच्या शेपफाइलीत तर कॉलमच्या नावाला जेमतेम 10 जागा. ‘कर्मचाऱ्यांची संख्या’चं शेपूट तिथे कुठेतरी तुटणारच.

एकक नावात घाला: ‘वजन_किग्रॅ’, ‘अंतर_मी’ (इथे देवनागरीत, कोडमध्ये रोमन अक्षरांत). एका कुटुंबातले कॉलम एकाच शब्दाने सुरू करा, म्हणजे ‘स्टार्ट्स_विथ’ने ते एकदम उचलता येतात. क्रमांक असतील तर आधी शून्य लावा, ‘प्र01’, ‘प्र02’. नाहीतर ‘प्र1’ने सुरू होणारे कॉलम मागितले की ‘प्र10’ ते ‘प्र19’ही हातात येतात.

डॉलरचा धोका

यावर जरा थांबते, कारण इथे फसलेली माणसं मी पाहिली आहेत आणि चूक दिसत नाही. साध्या डेटाफ्रेमवर ‘तक्ता$वजन’ लिहिलं आणि ‘वजन’ नावाचा कॉलम नसून ‘वजन_किग्रॅ’ असला, तर आर अर्ध्या नावावरून तोच कॉलम देतं. सोय वाटते. काही दिवसांनी कोणी ‘वजन_मागील’ घालतं. आता अर्ध्या नावाला दोन दावेदार, म्हणून आर काहीच निवडत नाही, ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं. आणि ‘सम(नल)’चं उत्तर 0 येतं. एरर नाही. एका सहकाऱ्याच्या अहवालात एक बेरीज शून्य दिसत होती आणि तिचं कारण एवढंच होतं.

किंमत भरताना तर आर वेगळाच नियम पाळतं. ‘तक्ता$वजन <- तक्ता$वजन / 1000’ लिहिलं, तर उजवीकडे अर्ध्या नावावरून ‘वजन_किग्रॅ’ वाचलं जातं, डावीकडे मात्र ‘वजन’ नावाचा नवा कॉलम तयार होतो. जुना तसाच राहतो. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘वॉर्नपार्शलमॅचडॉलर’ चालू केलं की आर निदान बोलतं. टिबलवर (डेटाफ्रेमच्याच नव्या प्रकारावर) हा अर्ध्या नावाचा खेळ चालत नाही, ‘नल’ येतं पण वॉर्निंगसकट. आणि कॉलम नसेल तर कोड थांबलाच पाहिजे अशी जागा असेल, तर ‘तक्ता[, "वजन"]’ लिहा. तिथे खरीखुरी एरर येते.

दोन ओळींची शीर्षकं

एक्सेलमध्ये वर ‘पुरुष’ आणि ‘स्त्रिया’, खाली प्रत्येकी ‘साक्षर’, ‘निरक्षर’, आणि वरचे रकाने एकत्र केलेले. अशा फाइलीत एकत्र केलेल्या रकान्यांपैकी फक्त पहिल्यात शब्द असतो, बाकीचे रिकामे. फाइल दोनदा वाचा. पहिल्यांदा ‘रीड_एक्सेल’ला ‘एन_मॅक्स’ 2 आणि ‘कोल_नेम्स’ फॉल्स देऊन फक्त शीर्षकं. दुसऱ्यांदा ‘स्किप’ 2 आणि ‘कोल_नेम्स’ फॉल्स देऊन फक्त आकडे. शीर्षकांचा छोटा तक्ता ‘टी’ने उभा करा, म्हणजे दोन ओळींचे दोन कॉलम होतात, आणि ‘ॲज.डेटा.फ्रेम’ने त्याची पुन्हा डेटाफ्रेम करा. मग ‘टायडीआर’च्या ‘फिल’ने पहिल्या कॉलममधल्या रिकाम्या जागा वरच्या शब्दाने भरा आणि दोन्ही ‘पेस्ट’ने अंडरस्कोर घालून जोडा: ‘पुरुष_साक्षर’, ‘पुरुष_निरक्षर’, ‘स्त्रिया_साक्षर’. दोन ठिकाणी जपा. ज्याला खालचं शीर्षकच नाही त्याच्या मागे ‘_एनए’ लागतं. आणि ज्याला वरचं नाही, त्याला ‘फिल’ शेजारच्या गटाचं नाव देऊन टाकतं. तयार झालेली नावं मूळ फाइलीशी बोट ठेवून एकदा ताडून बघा.

नावच डेटा असेल तर

‘2019’, ‘2020’, ‘2021’ अशी नावं असली तर त्यांना नवी नावं देत बसू नका. वर्ष ही किंमत आहे, तिची जागा ओळीत. ‘पिव्हट_लाँगर’ला ते कॉलम द्या, ‘नेम्स_टू’मध्ये ‘वर्ष’, ‘व्हॅल्यूज_टू’मध्ये मोजलेली गोष्ट, पुढे ‘एक्स’ चिकटला असेल तर ‘नेम्स_प्रीफिक्स’मध्ये तो, आणि ‘नेम्स_ट्रान्सफॉर्म’मध्ये ‘ॲज.इंटिजर’, नाहीतर वर्ष आकडा न राहता मजकूर होतं. हॅडली विकहॅम यांनी 2014 च्या आपल्या लेखात विस्कळीत तक्त्यांचे पाच नेहमीचे दोष सांगितले, त्यांत पहिला हाच आहे.

दोन तक्ते ‘लेफ्ट_जॉइन’ने जोडताना दोन्हीकडे एकच नाव असेल तर मागे ‘.एक्स’ आणि ‘.वाय’ लागतात. ‘सफिक्स’मध्ये ‘_पूर्वी’ आणि ‘_नंतर’ असं काही अर्थाचं द्या, किंवा नको तो कॉलम जोडण्याआधीच गाळा.

शेवटी छापायची वेळ येते तेव्हा वही पुन्हा काढायची. आता ‘मॅच’ नव्या नावांवरून आणि निवड ‘छापील’ रकान्यातून:

नेम्स(अहवाल) <- कोश$छापील[मॅच(नेम्स(अहवाल), कोश$नवं)]

वाटेत स्वतः तयार केलेले कॉलम, सरासऱ्या, टक्के, यांच्या ओळीही वहीत असाव्या लागतात. त्यांचा ‘मूळ’ रकाना मी रिकामा ठेवते आणि ‘टीप’मध्ये सूत्र लिहिते. फाइल वाचताना ‘मूळ’ रिकामं असलेल्या ओळी आधी बाजूला काढते, नाहीतर ‘फाइलीत आलं नाही’ असं त्यांच्याबद्दल उगाच कळवलं जातं. परवा एकाने विचारलं, ‘कर्मचाऱ्यांची सरासरी संख्या’ कुठल्या रकान्यांवरून काढली? कोड न उघडता, वहीतली ती ओळ त्याला पाठवली.